दुकानदाराचा फॉरवर्ड : सोशल मीडियाचा फायदा-तोटा आपल्या गल्ल्यापासून सुरू होतो



ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. "सर, सोशल मीडिया समाजासाठी चांगला की वाईट?" शाळेत आपण सगळ्यांनी "मोबाईल : शाप की वरदान" हा निबंध लिहिलाय. शेवटी "ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे" असं लिहायचं आणि दहापैकी सात मार्क घ्यायचे. माझंही उत्तर बरीच वर्षं तेच होतं.

आता मला ते उत्तर पुरत नाही. कारण गावात सगळे वापरणारे सारखे नसतात. ज्याचं दुकान आहे, ज्याच्या मोबाईलमध्ये शे-दोनशे गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्याचा मेसेज वेगळा पडतो. आणि तुम्ही धंदा सुरू करायला निघालात, म्हणजे उद्या तो माणूस तुम्हीच असणार आहात. म्हणून हा विषय आज नीट बोलू. यात माझी एक चूक आहे, जी मी आजपर्यंत एकाही व्हिडिओत सांगितली नाही. ती पण सांगतो.

आधी फायदा, आणि तो खरा आहे

मी कोरपन्यात कपड्यांचं दुकान चालवतो. आपला भाग कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला गडचांदूर, नांदा फाटा आणि सिमेंट कारखान्यांची वस्ती. दुसऱ्या बाजूला जिवतीचा डोंगर. रस्ता पकडला की पुढे आदिलाबाद. गिऱ्हाईक मराठी बोलतं, तेलुगू बोलतं, गोंडी, कोलामी बोलतं, आणि कारखान्यातला कामगार हिंदी बोलतो.

पूर्वी डोंगरावरची बाई लग्नाच्या साड्या घ्यायला यायची, अर्धा दिवस प्रवासात जायचा आणि पाहिजे तो रंग दुकानात नसायचा. तिचं भाडंही गेलं आणि मजुरीही बुडाली. आज ती आधी फोटो मागवते. रंग ठरतो, भाव ठरतो, मग ती येते. हा फायदा माझ्यापेक्षा तिचा जास्त आहे.

दुसरी गोष्ट व्हॉइस मेसेजची. आपल्याकडे कितीतरी मोठ्या वयाच्या बायांना लिहिता-वाचता येत नाही. पण बोलता येतं ना! एक आजी मला अर्धं कोलामी, अर्धं मराठी असा व्हॉइस पाठवतात. नातवाच्या शर्टाचं माप सांगायचं तर नातवाच्या जुन्या शर्टाचा फोटो पाठवतात. जिला बँकेचा फॉर्म भरता येत नाही, ती घरबसल्या ऑर्डर देते. अशी सोय आपल्या भागाला याआधी कोणी करून दिली नव्हती.

बचत गटाच्या ताई दिवाळीच्या आधी चकली-शंकरपाळ्याची यादी स्टेटसला टाकतात आणि कारखान्याच्या कॉलनीतून ऑर्डर येतात. शेतकऱ्याला कापसाचा भाव, ओलावा किती चालतो, कोणत्या केंद्रावर गाड्यांची रांग आहे, हे निघायच्या आधी कळतं. गाडी भरून जाणं आणि परत आणणं काय असतं, हे ज्याच्या घरी कापूस आहे त्याला विचारा.

तर मी सोशल मीडियाच्या विरोधात नाही. माझ्या दुकानाचा बराच धंदा त्यावर चालतो. म्हणूनच पुढचं बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

जून २०१८

तेव्हा माझ्या दुकानाचा ग्रुप नवीन होता. "नवीन माल" असं साधं नाव. जवळपास १८० मेंबर, सगळे गिऱ्हाईक. मी रोज दोन-चार फोटो टाकायचो. लोक ग्रुप सोडत नव्हते याचा मला मोठा अभिमान होता.

त्या महिन्यात सगळीकडे एकच विषय होता. मुलं पळवणारी टोळी आली. कुठून तरी एक व्हिडिओ आला, मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. खाली लिहिलेलं, आपल्या भागात फिरत आहेत, सावध रहा. मी पाहिला, अंगावर काटा आला आणि ग्रुपवर टाकला. वर माझं वाक्य जोडलं, "ताई, मुलांना शाळेतून स्वतः आणा." मनात वाईट काहीच नव्हतं. उलट आपण काळजी घेतोय असंच वाटलं.

तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. हे मला नंतर बातम्यांतून कळलं. फॉरवर्ड करायला मला एक सेकंद लागला होता.

तीन-चार दिवसांनी दुपारी फोन आला. जवळच्याच एका गावात लोकांनी एका माणसाला धरलंय. मी गेलो. तो मच्छरदाण्या विकणारा होता, बाहेरच्या राज्यातला. पावसाळा तोंडावर होता, मच्छरदाणीचा धंदा तेव्हाच असतो. त्याने एका घरी पाणी मागितलं आणि अंगणातल्या पोराला बिस्किट दिलं. बस, एवढंच.

मी पोचलो तेव्हा त्याचं डोकं फुटलेलं होतं. गावच्या पोलीस पाटलांनी आणि एका रिटायर गुरुजींनी त्याला शाळेच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती आणि दोघं दारात उभे होते. पोलीस यायला बराच वेळ लागला. त्या दोघांनी दार सोडलं असतं तर काय झालं असतं, ते मी आजही सांगू शकत नाही. मच्छरदाण्या नाल्यात पडल्या होत्या.

गर्दीत माझी एक नेहमीची गिऱ्हाईक होती. तिला विचारलं, "काय झालं ताई, तुम्ही पण?" ती म्हणाली, "तुमच्याच ग्रुपवर आलं होतं ना भाऊ, म्हून खरं वाटलं."

ती माझ्यावर आरोप करत नव्हती. ती साधं कारण सांगत होती. मी रात्री तो मेसेज डिलीट केला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर परत साडीचे फोटो टाकले. "मी टाकलेलं खोटं होतं" हे मी लिहिलं नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल, याची भीती वाटली. ही माझी दुसरी चूक, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. सोलापूरकडून, मंगळवेढा भागातून आलेली. मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. अफवा तीच होती. आमच्याकडे दारात दोन माणसं उभी राहिली, तिथे जमावाला अडवता आलं नाही. आमच्या गावात आणि राईनपाड्यात फरक एवढाच होता.

त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. "फॉरवर्डेड" ही खूणही तेव्हाच दिसू लागली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला, दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे मशीनने आपला हात धरला. पण १८० गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायला ते एक ठिकाणही पुरतं, हे लक्षात घ्या.

दुकानदाराचा मेसेज वेगळा का पडतो?

बीबीएला आम्हाला ब्रँड, गुडविल असं सगळं शिकवलं. गावात त्याला एकच शब्द आहे, पत. दुकानदार उधार देतो तेव्हा तो गिऱ्हाइकाची पत बघतो. पण गिऱ्हाईकही दुकानदाराची पत बघत असतं. मी सांगितलं रंग जाणार नाही, तर त्यांनी विश्वास ठेवला. खरंच रंग गेला नाही. असं दहा वेळा झालं की अकराव्या वेळी ते विचारत नाहीत.

त्या अकराव्या वेळी तुम्ही साडीऐवजी अफवा दिली, तर ते अफवाही तशीच घेतात. न विचारता.

कोणी म्हणेल, सर, कायद्याने अॅडमिनवर जबाबदारी नाही. बरोबर आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, दोघांचा मिळून हेतू नसेल तर, निव्वळ अॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही. पण मी तर स्वतःच टाकला होता. आणि दुसऱ्याने टाकला असता तरी त्या ताईंनी "तुमच्या ग्रुपवर आलं" हेच म्हटलं असतं. गिऱ्हाईक ग्रुपचं नाव बघतं, ग्रुप कोणाचा ते बघतं. मेसेज कोणी टाकला हे कोण बघतो?

आता वाघसुद्धा खोटा येतो

२०१८ ला कोणाला तरी व्हिडिओ कापावा लागला होता. आता कापायचीही गरज नाही, नवीनच बनतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या नावाने व्हिडिओ फिरला. वन विश्रामगृहात बसलेल्या माणसाला वाघ उचलून नेतो, अगदी सीसीटीव्हीसारखा, वर तारीख-वेळ सुद्धा. वन विभागाला सांगावं लागलं की हा एआयने बनवलेला आहे, अशी घटना घडलीच नाही.

बाहेरच्याला ही गंमत वाटेल. आपल्याला वाटू नये. आपल्या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं खरोखर जातात. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला, सरपणाला लोक रोज जंगलात जातात. "आज अमुक शिवारात वाघ दिसला, जाऊ नका" हा मेसेज वेळेवर पोचला तर जीव वाचतो. सोशल मीडियाचा याच्यापेक्षा मोठा फायदा मला तरी माहीत नाही. पण खोटे वाघ दहा वेळा आले की अकराव्या वेळी लोक खऱ्या वाघाच्या मेसेजवरही हसतात आणि जंगलात जातात. खोटा मेसेज नुसता खोटं पसरवून थांबत नाही. तो खऱ्या मेसेजचीही पत खातो.

"सर, आम्ही धंदा करायला आलो, समाजसेवा करायला नाही"

हे मला एका बॅचमध्ये तोंडावर सांगितलं गेलं. ठीक आहे. मग फक्त धंद्याचंच बोलू.

मे २०२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या अकोल्यात एका सोशल मीडिया पोस्टवरून दंगल झाली. एका माणसाचा जीव गेला. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. पुढच्याच महिन्यात कोल्हापुरात काही जणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहर पेटलं, तिथेही इंटरनेट बंद. आता विचार करा, ज्याची हातगाडी आहे, ज्याचं पेमेंट क्यूआरवर येतं, ज्याचा माल संध्याकाळपर्यंत विकला नाही तर फेकावा लागतो, त्याचं काय झालं असेल? मोठ्या शोरूमवाल्याला चार दिवस बंद परवडतं. आपल्याला नाही. समाज शांत असणं हे छोट्या दुकानदाराचं भांडवल आहे, फक्त ते बँकेच्या पासबुकात दिसत नाही.

आणि ही जागा तशीही आपली नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, तेव्हा गावागावातल्या पोरांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचा "आपली आजी" हा गाजलेला यूट्यूब चॅनल हॅक झाला. नातवाने यूट्यूबकडे पाठपुरावा केला, काही दिवसांनी तो परत मिळाला. चॅनल नसतानाही आजींच्या हातची चव लोक विसरले नव्हते, म्हणून परत आल्यावर लोकही परत आले. अॅप भाड्याचं असतं, पत आपली असते. अॅप बदललं तरी पत सोबत येते. पण पतच घालवली, तर नवीन अॅप घेऊन काय करणार?

फॉरवर्डसारखंच जाहिरातीचंही आहे. आपल्या भागातले काही तरुण जंगलातली मुळी-पाला घेऊन "शुगर मुळापासून बरी" असे रील बनवायला लागलेत. व्ह्यूज येतात, मान्य. पण मधुमेह, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवा. तुमचं रील बघून एखाद्या काकांनी गोळी बंद केली आणि पाय काढायची वेळ आली, तर ते काका तुमच्याच गावचे असतील. बाजारात भेटतील.

मग काय, ग्रुप बंद करायचे?

नाही. हा सोपा रस्ता आहे आणि चुकीचा आहे. भले लोक ग्रुप सोडून गेले की ग्रुपवर अफवा टाकणारेच उरतात. राईनपाड्यात वेळेवर "थांबा, विचारा" म्हणणारा एखादा भरवशाचा मेसेज फिरला असता तर? तो मेसेज कोणाचा चालला असता? ज्याची गावात पत आहे त्याचाच. म्हणजे किराणावाला, मेडिकलवाला, कृषी केंद्रवाला, पिठाची गिरणीवाली ताई. म्हणजे तुम्ही.

मी माझ्या दुकानात आता हे नियम पाळतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून पाळा, माझ्यासारखी चूक होऊ देऊ नका.

१. धंद्याचा ग्रुप धंद्यालाच. ग्रुप सेटिंगमध्ये "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात" हे चालू ठेवा. गिऱ्हाइकाला बोलायचं असेल तर ते तुम्हाला वेगळा मेसेज करेल. सण-वाराच्या शुभेच्छा चालतील, राजकारण आणि जात-धर्म नको.

२. काउंटरची कसोटी. कोणताही मेसेज पुढे पाठवायच्या आधी विचारा, हे मी माझ्या दुकानाच्या पाटीखाली उभा राहून, माझ्या नावाने, गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगेन का? नसेल सांगणार, तर पाठवू नका.

३. एक फोन आधी. वाघ, पूर, मुलं पळवणे, रस्ता बंद, असं काही आलं की आधी त्या गावच्या पोलीस पाटलाला, वनरक्षकाला किंवा पोलीस स्टेशनला फोन. खरं निघालं तर तारीख, गाव आणि कोणी सांगितलं ते लिहून नक्की पाठवा. हे पाठवणं आपलं काम आहे.

४. चुकलं तर त्याच ठिकाणी सांगा. डिलीट करून गप्प बसू नका. "काल मी टाकलेला मेसेज खोटा होता, माझी चूक झाली" असं त्याच ग्रुपवर लिहा. पत कमी होईल असं वाटतं. मला पण वाटलं होतं. उलट होतं.

५. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मोठी ऑर्डर देतो, अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. आणि ही गोष्ट ग्रुपवर सांगा. तुम्ही लाजून गप्प बसलात की पुढच्या गल्लीतला दुकानदार फसतो.

चौथ्या नियमाबद्दल थोडं अजून. मागच्या वर्षी माझ्या ग्रुपवर मी एका योजनेची माहिती टाकली, "शेवटची तारीख उद्या" म्हणून. ती जुनी निघाली. एक ताई भाडं खर्च करून तालुक्याला जाऊन आल्या. यावेळी मी ग्रुपवर लिहिलं, चूक माझी आहे, आणि ज्यांचं भाडं गेलं त्यांनी दुकानातून घेऊन जावं. ताई आल्या. भाड्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तं आता बाकीचं खरं वाटते." मला तेव्हा जून २०१८ आठवला. तेव्हा मी दोन ओळी लिहायला घाबरलो होतो.

तो मच्छरदाणीवाला परत कधी आपल्या भागात दिसला नाही. तोसुद्धा आपल्यासारखाच छोटा धंदेवाला होता. डोक्यावर गठ्ठा, हातात माल, अनोळखी गावात विश्वासावर विकणारा. त्या दिवशी त्याचा सगळा माल गेला. त्याचा एक रुपयाही मी भरून दिला नाही, तेव्हा सुचलंच नाही. आज हे लिहून त्याचं काही भरून निघणार नाही, मला माहीत आहे.

पण तुमचं अजून सुरू व्हायचंय. आज रात्री दुकान बंद केलं की मोबाईल उघडा आणि तुम्ही पाठवलेले शेवटचे दहा फॉरवर्ड बघा. प्रत्येकाला काउंटरची कसोटी लावा. दहापैकी किती पास झाले ते मला खाली कमेंटमध्ये लिहा. खरा आकडा लिहा, मार्क कापणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, पत सांभाळा.